शंभरात किती?

सुगत रामटेके यांची आणि माझी ओळख जिन्यात झाली. जर्मनीतल्या येना गावी, लोबेडा भागातल्या आमच्या उंच इमारतीत ते वरच्या मजल्यावर राहायला आले होते. लिफ्ट बंद होती आणि रस्त्यापासून जिन्याच्या वळणापर्यंत त्यांची खोकी मांडलेली होती. मराठी माणूस दिसल्याच्या आनंदात मी त्यांना धीर दिला, की इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरशी माझं बोलणं झालंय, लिफ्ट संध्याकाळपर्यंत नक्की सुरू होईल.

त्यांनी हातातलं खोकं पायरीवर ठेवलं आणि विचारलं, "नक्की म्हणजे शंभरात किती?"

'नक्की' हा शब्द मी आयुष्यभर वापरत आलो होतो. त्याचा भाव मला कोणी विचारला नव्हता. जरा विचार करून मी सत्तर म्हणालो.

"मग सत्तर म्हणा ना जी. नक्की काहून म्हणता?"

आणि लगेच पत्नीकडे वळून त्यांनी सत्तरचा हिशेब लावला. पुस्तकं आणि भांडी आत्ताच जिन्याने न्यायची, वॉशिंग मशीन सकाळपर्यंत खालीच राहू द्यायचं. लिफ्ट दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झाली. रामटेक्यांनी त्याबद्दल मला एका शब्दाने टोमणा मारला नाही. तो त्यांचा सभ्यपणा आहे असं मला पुष्कळ दिवस वाटायचं. तसं नव्हतं. सत्तर म्हटलेली गोष्ट कधीकधी होत नाही, यात त्यांना बोलण्यासारखं काही दिसलंच नव्हतं.

ते नागपूरचे. डॉक्टर, पण भिंगांचे. भिंगाचा पृष्ठभाग कुठे किती उंचसखल आहे, हे ते आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये मोजायचे. मी त्याच इन्स्टिट्यूटच्या वर्कशॉपमध्ये त्यांच्या यंत्रांसाठी स्टँड आणि टेबलं बनवायचो. त्यांनी मोजायचं आणि मी त्यांचं मोजमाप हलू द्यायचं नाही, अशी आमची वाटणी होती. अंगाने उंच, किडकिडीत. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत कानटोपी. ती कानटोपी घालून ते ट्रामच्या थांब्यावर उभे असले, की लांबून एखादा ग्रंथपाल गिर्यारोहणाला निघाल्यासारखा दिसायचा.

'शंभरात किती' हा त्यांचा प्रश्न कोणालाही चुकला नाही. व्हिसा वाढवायला आम्ही दोघे एकदा आउसलँडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, बरोबर गेलो होतो. खिडकीमागच्या बाई म्हणाल्या, कार्ड बहुधा गुरुवारी येईल. रामटेक्यांनी अतिशय नम्रपणे जर्मनमध्ये विचारलं, बहुधा म्हणजे शंभरात किती? मी डोळे मिटून घेतले. बाईंनी चष्मा काढला, छताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पासष्ट." बाहेर आल्यावर ते इतके खूश होते, की ट्राम सोडून चालत निघाले. इतक्या वर्षांत भाव सांगणारी पहिली सरकारी बाई भेटली, असं ते वाटेत दोनदा म्हणाले.

घरी मात्र हे चालायचं नाही. सुजाता वहिनींनी एकदा आमच्यादेखत विचारलं, अहो, वरणात मीठ बरोबर पडलंय का? रामटेक्यांनी चव घेऊन प्रामाणिकपणे ऐंशी सांगितलं. वहिनींनी वाटी उचलली, दोन घास होतील इतकं वरण काढून घेतलं आणि वाटी परत ठेवली. म्हणाल्या, "ऐंशी दिलेत, ऐंशी घ्या."

आता त्या बाजाराबद्दल सांगतो, कारण त्याच्याशिवाय रामटेके कळायचे नाहीत.

आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये टोर्स्टन नावाचा एक संख्याशास्त्रवाला होता. गावातला माणूस, बास्केटबॉलचा वेडा. त्याने ऑफिसच्या नेटवर्कवर एक छोटासा बाजार उघडला. गावच्या संघाचा प्रत्येक सामना हा एक शेअर. संघ जिंकला तर शेअरचे शंभर मिळणार, हरला तर शून्य. सामन्याआधी तो कोणी चाळीसला घेतो, कोणी साठला विकतो. ज्या भावाला देवाणघेवाण होते, तेवढी संघाची जिंकण्याची शक्यता आहे असं सगळे मिळून म्हणतात, असं समजायचं. संघ हरेल असं वाटणाऱ्याने शेअर विकायचा. हरला तर विकून आलेलं त्याचं, जिंकला तर पदरचे शंभर भरायचे. पैशाचा संबंध नव्हता. चलन म्हणजे लिन्झन. जर्मनमध्ये भिंगालाही हाच शब्द आणि मसुरीलाही. आम्ही मराठी लोक आपले सरळ मसूर म्हणायचो. मोसमाच्या शेवटी ज्याच्याकडे सगळ्यांत कमी मसूर, त्याने सगळ्यांसाठी केक आणायचा. आणि टोर्स्टनला चोरटेपणा आवडत नसल्यामुळे कॉफीच्या यंत्राशेजारी एक पडदा लावला होता. त्यावर भाव दिसायचा, आणि भावाखाली कोणी किती घेतलं, कोणी किती विकलं, ते नावानिशी.

मला त्याने पंच नेमलं, कारण त्याने केलेले नियम शेवटपर्यंत वाचणारा मी एकटाच निघालो. पंचाने शेअर घ्यायचे नाहीत, सामना संपला की शंभर किंवा शून्य जाहीर करायचं. मला हे काम आवडायचं. त्यात मत द्यावं लागत नाही.

रामटेके बाजारात आले आणि पहिल्याच मोसमात पहिले आले. गंमत अशी, की त्यांना बास्केटबॉल कळत नव्हता. ते सामने बघत नसत. टोर्स्टन त्यांना हॉलवर ओढून न्यायचा, तर ते बाहेर ब्राटवुर्स्ट सॉसेजच्या गाडीपाशी उभे राहून गर्दी बघायचे. सामना बघितला, की एखादा खेळाडू आवडायला लागतो आणि मग भाव चुकतो, असं त्यांचं म्हणणं. ते माणसं बघायचे. संघ शनिवारी जिंकला, की सोमवारी सगळं इन्स्टिट्यूट प्रेमात पडून पुढच्या सामन्याचे शेअर पासष्टला घ्यायचं. रामटेके कॉफी ढवळत ढवळत विकायचे. संघ हरला, की बुधवारी सगळे रुसलेले असायचे, आणि तोच शेअर पंचविसाला मिळायचा. तेव्हा ते घ्यायचे.

"लोक मन भरून घेऊन राहिले, पवारसाहेब," ते मला म्हणायचे. "जे व्हावंसं वाटते, त्याले जास्त भाव देतात. मी फक्त उरलेला भाव उचलतो."

ज्या गावात राहायचं, त्या गावाच्या संघाविरुद्ध दर सोमवारी विकायचं, हे लोकांना फारसं आवडत नसे. कँटीनमधल्या फ्राउ बेअर संघाच्या जुन्या भक्त. त्या बाकीच्यांना दोन क्लोस, म्हणजे बटाट्याचे गोळे, वाढायच्या आणि रामटेक्यांना एकच. त्यांनी कधी तक्रार केली नाही. इतकंच म्हणाले, की बाईंचा राग मोजून आहे, हे चांगलं लक्षण आहे.

ते स्वतःच्या विरुद्धही तितकेच मोजून असत. एका सामन्यात मध्यंतरालाच हॉलचं छप्पर गळायला लागलं आणि खेळ थांबवावा लागला. आपला संघ मागे होता आणि रामटेक्यांनी भरपूर विकलं होतं. मी हार जाहीर केली असती, तर त्यांच्याकडे मसुरीची रास लागली असती. बऱ्याच जणांना वाटत होतं, की ते माझ्याकडे येऊन भांडणार. ते आलेच. नियमात 'सामना जिंकला' असं आहे, 'मध्यंतरापर्यंत पुढे होता' असं नाही. सामना झालाच नाही, सगळ्यांना सगळं परत करा, असं त्यांनी मला उभ्या उभ्या पटवलं. मी परत केलं. फ्राउ बेअरनी त्या दिवशी त्यांना दीड क्लोस वाढला.

पण शहाणा माणूस चुकतो तेव्हा शहाण्यासारखाच चुकतो. इन्स्टिट्यूटमध्ये आणि गावात मिळून आम्ही सात-आठ मराठी घरं होतो, आणि आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. एका सोमवारी रामटेक्यांनी चाळीसच्या आसपास थोडे शेअर घेतले. एरवी विकणारा माणूस घेतोय हे पडद्यावर कोणीतरी पाहिलं आणि ग्रुपवर टाकलं, की रामटेके सरांनी घेतलंय. झालं. सगळी मराठी मंडळी घ्यायला लागली. भाव पन्नास, साठ, सत्तर. ते वर चढताना बघून जर्मन मंडळींना वाटलं, कोणाला तरी काहीतरी कळलंय. तीही घ्यायला लागली. रामटेके दुपारभर क्लीनरूममध्ये होते आणि तिथे फोन चालत नाही. पांढरा झगा काढून ते बाहेर आले, पडद्यावर अठ्ठ्याहत्तर पाहिलं, आणि त्यांची खात्रीच पटली. समोरच्या संघाचा मोठा खेळाडू जायबंदी झाला असणार. त्यांनी आणखी घेतले.

संघ इतका वाईट हरला, की टोर्स्टन दुसऱ्या दिवशी कामावर उशिरा आला. रामटेके एकेकाला विचारत फिरत होते, तुम्ही का घेतलं? प्रत्येक जण म्हणत होता, तुम्ही घेतलं म्हणून. शेवटी ते माझ्या वर्कशॉपमध्ये येऊन स्टुलावर बसले.

"पवारसाहेब, मी गल्लीत ओरडलो. आवाज घुमून परत आला, तर मले वाटलं कोणी हाक मारून राहिलं."

असं म्हणून ते इतके हसले, की कानटोपी काढून त्यांना डोळे पुसावे लागले. त्या मोसमात केक त्यांच्यावर आला. वहिनींनी रव्याचा केक केला. तो संपल्यावर पाच-सहा जर्मन लोकांनी पुढच्या मोसमात मुद्दाम हरा म्हणून त्यांना सांगितलं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग मैत्रीचा सामना आला.

मैत्री त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा चौदा वर्षांची. जर्मनीत वाढलेली. मराठी सगळं कळायचं, वडलांचं नागपुरीसुद्धा, पण उत्तर जर्मनमध्ये. माझ्या बायकोकडे, शैलाकडे, ती कधी किल्ली मागायला यायची. मग दोघी अर्धा-अर्धा तास गप्पा मारायच्या, ही मराठीत, ती जर्मनमध्ये, आणि दोघींपैकी एकही मागे हटायची नाही. मैत्री गावच्या क्लबमध्ये मुलींच्या संघात खेळायची. उंच नव्हती, पण चिवट. समोरच्या संघातल्या सगळ्यांत उंच मुलीला हिने चिकटून राहायचं, असं तिचं काम ठरलेलं. टोर्स्टनची मुलगी लेनाही त्याच संघात होती.

त्या वर्षी मुलींचा शेवटचा सामना एरफुर्टच्या संघाशी होता, आणि जिंकणारा संघ वरच्या गटात जाणार होता. टोर्स्टनने हौसेने त्या सामन्याचाही शेअर बाजारात आणला. मुली सगळ्यांच्या ओळखीच्या, सगळ्यांनी प्रेमाने घेतलं, भाव अडुसष्टला गेला. रामटेक्यांनी दोन्ही संघांचे वर्षभराचे निकाल काढले, तुलना केली, आणि विकायला सुरुवात केली. भाव पस्तिसावर आला तेव्हाच थांबले. पडद्यावर एकाच नावाची रांग लागली होती.

लेनाने ते वडलांच्या ऑफिसात पाहिलं आणि सरावाच्या वेळी मैत्रीला सांगितलं.

बुधवारी संध्याकाळी सुजाता वहिनी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मैत्री घरी आली, सांगितलं की शनिवारी खेळायला जाणार नाही, आणि खोलीत जाऊन बसली. तीन वर्षं ही पोर पावसा-बर्फात सरावाला गेलीय, वहिनी म्हणाल्या, आणि शेवटच्या सामन्याला घरी बसणार. संघात मुली मोजक्याच, हिच्याऐवजी त्या उंच मुलीला अडवणारं कोणी नाही. आणि पुढे ही घरात कोणाला काही सांगायची नाही, त्याची त्यांना जास्त भीती वाटत होती.

थोड्या वेळाने रामटेके वहिनींना शोधत खाली आले. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, की पंच म्हणून मला ते सौदे रद्द करता येतील का. मी नाही म्हणालो. झालेला सौदा रद्द होत नाही. हवं तर तेवढेच शेअर परत विकत घ्या, नावापुढची रांग पुसली जाईल, भावही वर जाईल.

त्यांनी मान हलवली. "भाव पस्तीसच आहे, पवारसाहेब. वर नेला तर तो खोटा भाव होईल. मी काय पोरीशी खोटं बोलू?"

वहिनी इतका वेळ टेबलावरच्या मेणकापडाची घडी सरळ करत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"अहो, पण तिने तुम्हाला भाव विचारला होता का?"

तेवढ्यात दार वाजलं. मैत्री आईला बोलवायला आली होती. वडील तिथेच बसलेले पाहून ती दारातच थांबली. रामटेक्यांनी संधी साधून समजवायला सुरुवात केली. विकलं ते संघाविरुद्ध, तिच्याविरुद्ध नाही. एरफुर्टच्या मुली सरासरीने उंच आहेत. पस्तीस म्हणजे काही शून्य नव्हे, तिनातला एक सामना तुम्ही जिंकाल. हे सगळं खरं होतं आणि प्रत्येक वाक्यागणिक मुलीचा चेहरा आणखी बंद होत होता.

"डू हास्ट मिश फेरकाउफ्ट, पापा," ती म्हणाली. तू मला विकलंस. मग तिने, जर्मनमध्येच, अगदी शांतपणे विचारलं, की तू मला खेळताना कधी पाहिलंयस का? एकदा तरी?

कुठल्याही प्रश्नाला रामटेक्यांकडे आकडा असायचा. या प्रश्नाचा आकडा त्यांच्याकडेही होता आणि तिच्याकडेही, म्हणून त्यांनी तो सांगितला नाही. मैत्री आईला घेऊन वर गेली. ते आमच्याकडे तसेच बसून राहिले. शैलाने पुढे ठेवलेला चहा निवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रामच्या थांब्यावर त्यांनी मला सांगितलं, की त्यांनी मैत्रीच्या दाराबाहेर उभं राहून तिला एक गोष्ट कळवलीय. शनिवारी मी हॉलवर येणार. तू खेळलीस तर तुला बघेन, नाही खेळलीस तर बाकीच्या मुलींना बघेन. आतून उत्तर आलं नव्हतं.

मी विचारलं, "मग? शनिवारी येईल ती? शंभरात किती?"

"माहीत नाही जी," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि मला उगीच विचारलं असं झालं.

सामन्याचा निकाल आधीच सांगून टाकतो. पंच असल्यामुळे निकाल दाबून ठेवणं मला जमत नाही. आपल्या मुली सहा गुणांनी हरल्या. मी सोमवारी शून्य जाहीर केलं आणि रामटेक्यांच्या नावावर मसुरीची पोती जमा झाली. त्यांनी त्याच दिवशी मला येऊन सांगितलं, की नियमांत एक ओळ वाढवा: आपल्यापैकी कोणाचं मूल खेळत असेल, त्या सामन्याचा बाजार भरणार नाही. ती मी आनंदाने वाढवली. पुढच्या वर्षी त्यांना बाड हॉम्बुर्गला नोकरी लागली आणि ते कुटुंब निघून गेलं. निरोपाला आम्ही पाराडीस स्टेशनवर गेलो होतो, दिवाळीला फोनही होतात. पण रामटेके म्हटलं की मला स्टेशन आठवत नाही. तो शनिवार आठवतो.

मैत्री आली होती. घरातून आमच्या आधी, एकटी, कोणाला न सांगता निघाली होती. रामटेक्यांनी तिला हॉलमध्ये पाहिलं तेव्हा ते नुसते बाकावर बसले, आणि कानटोपी काढून गुडघ्यावर ठेवली. हॉल एका शाळेचा होता. शैला आणि वहिनी पालकांच्या केकच्या टेबलावर होत्या. मी समोरच्या बाजूला, गुणफलकाशेजारी, टोर्स्टनजवळ. रामटेके दाराकडच्या टोकाला. तिथे नेमके एरफुर्टचे पालक बसले होते, पण हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

सामना कसा बघायचा, याची त्यांनी त्यांच्या पद्धतीने तयारी केली होती. जाताना त्यांनी मला ती समजावून सांगितली. मुली सारख्या पळतात, चेंडू कोणाच्या हातात आहे हे नवख्याला कळत नाही. मोजायचं तर न हलणाऱ्या गोष्टीवरून मोजायचं. आपल्या मुली कुठल्या बास्केटमध्ये टाकतात ते एकदा विचारून घ्यायचं, आणि मग त्या बास्केटवरची नजर काढायची नाही. सुरुवातीला कोणीतरी त्यांना सांगितलं, दाराकडचं.

पहिला अर्धा सामना पद्धत उत्तम चालली. दाराकडच्या बास्केटमध्ये चेंडू पडला, की रामटेके टाळ्या वाजवत. आधी हळू, मग जोरात, मग उभे राहून. मैत्री त्यांच्याकडे बघत नव्हती, पण त्यांच्या बाजूने पळत जाताना तिचे खांदे जरा सैल झाल्यासारखे मला वाटले.

मध्यंतरात ते केकच्या टेबलावर मदतीला गेले. तिथे रांग होती. परत आले तेव्हा दुसरा अर्धा भाग सुरू झाला होता. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, हे बास्केटबॉलच्या शेकडो सामन्यांवर व्यवहार केलेल्या माणसाला माहीत नव्हतं.

एरफुर्टच्या उंच मुलीने दाराकडच्या बास्केटमध्ये चेंडू टाकला. रामटेके उभे राहिले आणि टाळ्या वाजवत म्हणाले, "वा, वा." आजूबाजूचे एरफुर्टचे पालक कौतुकाने त्यांच्याकडे वळले. एकाने हात मिळवला. आपल्या मुलींनी पलीकडे दोन गुण केले. रामटेक्यांनी हळहळून मान हलवली. पुन्हा दाराकडे चेंडू पडला, पुन्हा "वा, वा".

माझ्या शेजारी टोर्स्टन हळूच म्हणाला, की विकलंय ते ठीक, पण इतकं उघड? मधे सगळं मैदान होतं, मी काही करू शकत नव्हतो. आणि मैत्री आता सरळ त्यांच्याकडे बघत होती. काय समजली होती ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ती खेळायची थांबलीच म्हणायची. उंच मुलगी तिला ओलांडून गेली आणि पुन्हा गुण घेतले. रामटेके तर आता दोन्ही हात वर करून मैत्रीकडेच बघत होते, शाबास म्हणून मान डोलावत, तोंडभर हसत. तिच्याच नावाने.

मैत्री तिथेच उभी राहिली. तिने वडलांकडे पाहिलं, मग दाराकडच्या बास्केटकडे, मग परत वडलांकडे. मला वाटतं, त्याच क्षणी तिला सगळं कळलं, कारण या माणसाबरोबर ती चौदा वर्षं राहत होती.

थोड्याच वेळात चेंडू त्यांच्या बाजूने बाहेर गेला आणि आत टाकायची पाळी आपल्याकडे आली. मैत्रीने धावत जाऊन चेंडू घेतला आणि वडलांच्या पुढ्यात रेषेवर उभी राहिली. सामन्याच्या पंचांनी बोटं दाखवून मोजायला सुरुवात केली. पाच सेकंदांत चेंडू आत टाकावा लागतो. लेना हात पसरून ओरडत होती. मैत्री मैदानाकडे पाठ करून वळली, वाकली, आणि वडलांना काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मला रामटेक्यांनीच नंतर सांगितलं.

"बाबा, हे आता त्यांचं आहे. आपलं तिकडे."

मराठीत. जर्मनमध्ये सांगितलं असतं, तर आजूबाजूच्या दोन बाकांना कळलं असतं, की हा मनुष्य इतका वेळ काय करत होता.

शिट्टी वाजली. पाच सेकंद गेले होते, चेंडू एरफुर्टला मिळाला. प्रशिक्षक कपाळाला हात लावून बसला. मैत्री त्या उंच मुलीमागे पळत निघाली. ती हसत होती, आणि हसता हसता तिने त्या मुलीला असं काही धरून ठेवलं, की चेंडू तिच्यापर्यंत पोचेना.

आणि रामटेके उठले. कानटोपी, कोट, केकचा रिकामा डबा, सगळं छातीशी गोळा करून, ज्यांनी हात मिळवला होता त्या सगळ्यांच्या गुडघ्यांवरून "एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग" म्हणत ते बाहेर पडले, आणि भिंतीला धरून, सामना चालू असताना, पार हॉलच्या दुसऱ्या टोकाकडे चालत निघाले.